चुन्याचे पाणी

दि. ९ सप्टेंबर २०२४, सोमवार. रात्री ८ वाजून १० मिनिटे.

सकाळी तलावाच्या पाळीवर ऐनाच्या बनात शिरण्याआधी चुन्याच्या पाण्याने हात धूत होतो. तेव्हाच ठरवले की आजपासून लिहायचे. रेशीम कार्यालयाचे साहेब मागेच म्हणाले होते, "रोज थोडे लिहीत जा. पाऊस किती, आळ्या कशा आहेत." मी अकरावी अर्ध्यात सोडली, पण लिहिलेले चुकले तर मला चैन पडत नाही. म्हणून सावकाश लिहितो.

कोसा, म्हणजे रानातले रेशीम, हे बाबांचे काम. बाबा जाऊन तीन वर्षे झाली. दादाला, म्हणजे सचिनला, त्यात गोडी नाही. तो लाखनीला हायवेवर टायरच्या दुकानात जातो. म्हणून आळ्या माझ्याकडे आल्या. कोशाच्या आळ्या घरात वाढत नाहीत, उघड्यावर झाडावर वाढतात. कावळे, मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून दिवसभर राखावे लागते. एका झाडाची पाने संपली की डहाळीसकट दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. दीड-दोन महिन्यांनी कोष होतात.

बाबांचे नेम असे. पीक उतरेपर्यंत मासोळी खायची नाही, दाढी करायची नाही, बनात चप्पल घालायची नाही, आणि बाईने बनात पाय ठेवायचा नाही. साहेबांचा नेम एकच, हात धुवा. मी दोघांचेही पाळतो. एखादा सुटला तर आपल्यामुळे काहीतरी वाईट होईल असे सारखे वाटते.

चंदावहिनी डबा घेऊन पाळीपर्यंत येते आणि तिथूनच ओरडते. आज म्हणाली, "भाऊ, तुमी या आळ्यायसंगच लगन करून टाका. हुंडा नाही भेटनार, पन पातळ तं फुकट भेटन!" मी झाडावरच्या आळ्या पाहत होतो, म्हणून उत्तर दिले नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ताप. अंग ठणकते. गावात घरोघरी आहे. धानाची रोवणी झाल्यापासून डास फार वाढले. आशाताई रक्त घेऊन गेल्या.

१४ सप्टेंबर

उठवत नाही. तलावाकडच्या चार झाडांची पाने संपली असतील. आळ्या उपाशी राहिल्या की कमजोर होतात. दादा दुकानात, आई शेतात निंदणाला गेलेली. वहिनीने स्वतःहून विचारले, "मी जाऊ का?"

नाही, हे खरे नाही. आधी मीच म्हणालो, "वहिनी, तुमी गेल्या असत्या तं." मग ती म्हणाली, "अन् तुमच्या बाबाचा नेम?" मी पांघरूण डोक्यावर घेतले. ती पदर खोचत म्हणाली, "आळीले का समजते, बाई आली का माणूस? तिले भूक समजते." मी फक्त हात धुवायला सांगितले. आईला काही सांगायचे नाही असे ठरले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

माझा ताप उतरला. बनात गेलो. वहिनीने तीन दिवसांत डहाळ्या माझ्यापेक्षा नीट बांधल्या आहेत. आळ्या जोरात खात आहेत. त्या खातात तेव्हा बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मला तो आवाज फार आवडतो.

वहिनीच्या अंगात कणकण आहे.

२१ सप्टेंबर

वहिनीचा ताप पाचवा दिवस. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. रक्तात डेंग्यू निघाला नाही. डोके फार दुखते म्हणते, उजेड नको म्हणते.

बनात काही आळ्या पिवळट दिसतात. खात नाहीत. सगळ्या खालून वर शेंड्याकडे जाऊन राहिल्या आहेत. (जात आहेत.)

२३ सप्टेंबर, सोमवार

शेंड्यावर गेलेल्या आळ्या मागच्या पायांनी फांदीला धरून, डोके खाली, लटकून मेल्या आहेत. हात लावला की कातडी फुटते आणि काळे पाणी गळते. साहेबांना फोन केला. ते गाडी पाळीवर लावून आले.

"विषाणू आहे," ते म्हणाले. "एक दिवस ऊन, एक दिवस पाऊस, अशा हवेत हा रोग पसरतो."

"पण वर काहून चढतात साहेब?"

"ती आपल्या मनाने चढत नाही. विषाणू तिच्या आत शिरून तिला चढवतो. वर मेली की तिचे पाणी खालच्या पानांवर पडते, मग बाकीच्यांना लागते. त्याचे काम झाले."

"म्हणजे तिले वाटत असन, मीच जाऊन राहिली?"

साहेब हसले. "आळीला काय वाटते, ते आम्हाला शिकवले नाही."

मी त्यांना विचारले, आमच्या घरच्या बाईने तीन दिवस आळ्या हलवल्या, त्याने तर नाही ना झाले? "हात धुतले होते ना? मग बाई असो की बुवा," ते म्हणाले. रोगी आळ्या वेचल्या, खड्डा केला, वर चुना टाकला. त्यानंतर हात धुतले. घरी येऊन पुन्हा धुतले.

२५ सप्टेंबर

वहिनीचा ताप गेला. पण दोन रात्री ती झोपली नाही. भात वाढला तर म्हणाली, "याच्यात कोनी काही टाकलं." आईने तिच्या ताटातला घास स्वतः खाऊन दाखवला. वहिनी आईकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुमी नाही वो माय. तुमच्या आंगात जे बसली हाये, ते टाकते."

आईने हातातला दुसरा घास ताटात परत ठेवला.

नंतर वहिनीने मला हळूच विचारले, "भाऊ, त्या काय बोलून राहिल्या?"

"कोन?"

"आळ्या. रातभर बोलतात."

मी बनात जाऊन उभा राहिलो. पावसाचा आवाज बंद झाला आहे.

२६ सप्टेंबर

आज हात जास्त वेळ धुतले, कोपरापर्यंत. संध्याकाळी वहिनी दोन घास जेवली. उद्याही तसेच धुवीन.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या कौशल्याबाईंनी आईला सांगितले की वहिनीला बनात पाहिले होते. आई वहिनीजवळ गेली. "काहून गेली होती वो बाई? कोनी धाडली तुले?" वहिनीने उत्तर दिले नाही. ती एक हात वर धरून उभी होती, डहाळी बांधताना धरतात तसा. आईने हात खाली केला. सोडला की पुन्हा वर गेला.

तेव्हा मी सांगायला हवे होते. मी मागच्या अंगणात हात धुवायला गेलो.

दुपारी आईने बाबूलाल पुजाऱ्याला आणले. धूर केला, लिंबू कापले. तो म्हणाला, बनातल्या देवाचा कोप आहे. आळ्या त्याच्याच, पोरगीही त्यानेच धरली. बुधवारी अमावस्या आहे, तेव्हा उतरवू. तोपर्यंत दवाखान्याची गोळी देऊ नका. पाचशे एक घेतले. आई वाईट नाही. तिने वहिनीचे केस विंचरले आणि विंचरताना रडत होती.

२८ सप्टेंबर

चारच्या सुमारास वहिनीला झटका आला. मान एका बाजूला वळली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आईने देव आला म्हणून कुंकू लावले. दादा दुकानातून तसाच आला. टायरच्या काळ्या हातांनी डोळे पुसत होता, सगळे तोंड काळे झाले. एरवी वहिनी यावरून त्याला दिवसभर चिडवते.

झटका गेल्यावर तिचे ओठ आणि जबडा सारखे हलतात, आळी पान खाते तसे. मी पाहू शकलो नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

आज जे झाले ते सगळे लिहितो.

वहिनीचे वडील सुखरामबाबा बपेऱ्याहून मोटारसायकलने आले. आईने निरोप धाडला होता. वहिनी आत खाटेवर, आम्ही बाहेर सपरीत. आई म्हणाली, "समधी, पोट्टीले मी लेकीसारखी ठेवली. पन आता माझ्यानं होत नाही. घरावर कोप हाये. काही दिवस घेऊन जा तिले."

सुखरामबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काही दिवस म्हणजे किती वो?"

आईने पिशवी पुढे केली. त्यांनी उघडली. वरच्या कपड्यांखाली लग्नाचा शालू होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला. "काही दिवसाले शालू लागते का, समधीन?"

आई म्हणाली, "मी काय करू बापा? बाई बनात गेली. आळ्या मेल्या, तिची मती गेली. नेम कोन मोडला? मी का?"

दादा खाली पाहत होता. म्हणाला, "माय म्हणते तं…" आणि थांबला.

मला रोगी आळ्या वेचून टाकतो तो खड्डा डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, "मी मोडला. मले ताप होता. मीच म्हटलं वहिनीले, तुमी जा."

आईने माझ्याकडे पाहिले, मी कोणी दुसराच आहे असे.

"अन् आळ्या कोपानं नाही मेल्या," मी म्हणालो. "साहेब येऊन पाहून गेले. विषाणू हाये. तो आळीच्या आत शिरला का तिले शेंड्यावर नेते. ते आपल्या मनानं नाही जात. आपन त्या आळीले म्हणतो का, तिले देव लागला, हिची चाल खराब हाये? वहिनीले आधी ताप आला. मंग हे सुरू झालं. मले त्याच्याआधी तोच ताप होता."

सुखरामबाबा म्हणाले, "आळीचं अन् माणसाचं सारखं कसं राहीन गा?"

"मले नाही माहीत. मी का डॉक्टर हाव? पन आळीवर दवा नाही म्हून आपन पुरतो. वहिनीवर हाये का नाही, हे तं विचारू कोनाले!"

आई हळू म्हणाली, "बुधवारी अमावस्या हाये. तीनच दिवस."

"शेंड्यावर चढलेली आळी तीन दिवस नाही राहत, माय."

हे बोलल्यावर मला फार भीती वाटली, की बोललो म्हणून तसेच होईल.

सुखरामबाबांनी शालूची घडी घालून पिशवी आईच्या हातात दिली. "हे इथंच ठेवा. पोरगी बपेऱ्याले नाही येत. सचिन, गाडी पाहा नागपूरची. तू येतं का घरी बसतं?"

दादा उठला आणि चप्पल न घालताच रस्त्याकडे गेला.

गाडी भंडाऱ्याच्या पुलावर आली तेव्हा वैनगंगा दोन्ही काठ भरून होती. वहिनीचे डोके दादाच्या मांडीवर होते. मला हात धुवायचे होते, पण गाडी थांबवा म्हणता आले नाही.

३० सप्टेंबर, नागपूर

मोठ्या सरकारी दवाखान्यात आहोत. आधी एकाने मानसिक विभागाचा कागद केला. मग एक तरुण डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी वहिनीचा हात वर उचलून सोडला. हात हवेत तसाच राहिला. त्यांनी विचारले, "याआधी ताप आला होता का?" दादा म्हणाला, "आला होता, पन तो तं गेला ना जी." मी तारखा सांगितल्या. त्यांनी सगळ्या लिहून घेतल्या आणि वॉर्ड बदलला.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढले. मेंदूचा फोटो काढला. डोक्याला वायरी लावल्या.

४ ऑक्टोबर

बाईंनी आम्हाला बाकावर बसवून सांगितले. समजले तसे लिहितो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, ते बारीक रसायनांतून. तो निरोप आत घ्यायला प्रत्येक पेशीला दारे असतात. ताप आला की अंगातली फौज विषाणूशी लढते. कधी कधी ती फौज गोंधळते आणि मेंदूच्या दारांनाच शत्रू समजून अडवते. मग निरोप पोचत नाहीत किंवा भलतेच पोचतात. माणसाला नसलेले ऐकू येते, संशय येतो, हात वर राहतो.

दादाने विचारले, "म्हणजे येडी नाही ना ते?"

"आजारी आहे," बाई म्हणाल्या. "आणि ज्यांना आपण वेडे म्हणतो ना, तेही आजारीच असतात. त्यांच्याही मेंदूत काहीतरी बिघडलेले असते. सगळे आम्हालाही अजून कळलेले नाही."

"त्या तापानंच झालं का?" मी विचारले.

"असू शकते. खात्रीने नाही सांगता येत."

मला खात्री हवी होती. रात्रीपर्यंत तोच विचार. मी हात नीट धुवायला सांगितले होते, पण तिने धुतले का, ते मी पाहिले नव्हते.

५ ऑक्टोबर

बाहेर पाठवलेली तपासणी आली. बाईंना वाटले होते तेच निघाले, फौजेनेच दारे अडवली आहेत. मोठी इंजेक्शने सुरू.

११ ऑक्टोबर

काही फरक नाही. इथल्या नळाला चुना नाही, म्हणून साबणाने दोनदा धुतो. दोनदा धुतले की बरे वाटते, मग थोड्या वेळाने वाटत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

वहिनी म्हणाली, "पानी." सुखरामबाबा भांडे घेऊन इतके घाईने उठले की अर्धे स्वतःच्या धोतरावर सांडले.

२४ ऑक्टोबर

आज मला ओळखले. "भाऊ, तुमची दाढी?" पीक उतरेपर्यंत करायची नसते, हे ती विसरली असेल. मग विचारले, "आळ्या?" मी खोटे बोलणार होतो. पण सांगितले, सगळ्या गेल्या, विषाणूने शेंड्यावर नेल्या, मी निघायच्या आधीच बन जवळपास रिकामे झाले होते, राहिलेल्या आईने स्वतः बनात जाऊन पुरल्या. ती रडली. दादा घाबरून बाईंना बोलवायला गेला. बाई पाहून म्हणाल्या, "रडू द्या. हे रडणे बरोबर आहे."

३० ऑक्टोबर

घरी आलो. आईने दारात वहिनीवरून भाकर ओवाळली. नंतर पाहिले, आईने पिशवीतून शालू काढून वहिनीच्या पेटीत तळाशी ठेवला आणि वर बाकीच्या साड्या रचल्या. मी पाहिले हे तिला माहीत नाही. रात्री मासोळीचा रस्सा केला. वहिनीला पहिला वाढला.

५ नोव्हेंबर

बाकी ठीक. अंगणात चुन्याचे पाणी करून ठेवले आहे. पुढच्या हंगामापर्यंत सवय राहावी म्हणून. बोटांच्या सांध्यांत चिरा पडल्या आहेत, लेखणी धरताना रक्त येते. या पानावर डाग पडला, माफ करावे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, नागपूर

वहिनीला दाखवायला आणले. दादाला सुटी नव्हती, म्हणून मी आणि ती, एसटीने. बाई म्हणाल्या, चांगले आहे. औषध बरेच महिने चालेल, पुन्हा होऊही शकते, लक्ष ठेवा. वहिनी अजून सावकाश बोलते. काही दिवस तिला आठवतच नाहीत.

औषधाच्या रांगेत तिला उभे करून मी नळावर गेलो. मागच्या माणसाने ओरडून म्हटले, "काहून बे, नळ का तुह्या बापाचा हाये? कवाचा धुऊन राहिला!" मी पहिल्यापासून सुरू केले, कारण मध्ये बोलल्याने मोडले होते. तेव्हा वहिनी येऊन उभी राहिली. तिने नळ बंद केला आणि माझे दोन्ही हात पालथे करून पाहिले.

"हे काय हाये भाऊ?"

"चुन्यानं झालं. कामात होतेच."

"कोनतं काम? आळ्या तं मेल्या ना सगळ्या."

मी म्हणालो, नाही धुतले तर घरात काही होईल, असे वाटते. तुम्हाला पुन्हा होईल असे वाटते. तुम्ही बऱ्या झाल्या त्या धुतल्यानेच, असेही कधी कधी वाटते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. ऐकायला वेड्यासारखे वाटले.

ती हसली नाही. "कवापासून?"

"तापापासून. नाही, आधीपन थोडं होतं. तापानंतर वाढलं."

"मंग शेंड्यावर कोन नेऊन राहिलं तुमाले?" ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "मले तुमी आनलं ना इथं? चाला."

तिने कमरेच्या पिशवीतून वीस रुपये काढले. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने विचारले, "कोणता विभाग?" मी म्हणालो, "चामडीचा."

वहिनी माझ्या मागून वाकून म्हणाली, "नाही जी. मनाचा."

रांग मोठी आहे. बाकावर बसून लिहितो आहे. ती शेजारी बसून माझ्या हातांकडे लक्ष ठेवून आहे. मघाशी म्हणाली, "उठले तं पाय मोडन." वाट पाहताना हिशोब करून ठेवतो.

खर्च झाला:
पुजारी, ५०१.
गाडी, लाखनी ते नागपूर, २,८००.
बाहेरची तपासणी, ६,५००.
इंजेक्शने योजनेच्या कार्डावर, शून्य.
दवाखान्यात असताना जेवण, चहा, दादाचे येणे-जाणे, ४,३६०.
परतीची गाडी, २,५००.
आजची एसटी व औषध, ८९०.

देणे:
दादाच्या दुकानाच्या मालकाकडून उचल, १०,०००.
सुखरामबाबा, ३,०००. नको म्हणतात, तरी लिहितो.
चंदावहिनी, २०. केसपेपर. नाव निकेश कवडू, वय २३.